गंगापूर रोडची शाळा

नाशिकमधल्या आमच्या वास्तुरचना कार्यालयात सध्या दोन मोठी कामे सुरू आहेत: कॉलेज रोडवर दुकाने आणि ऑफिसांची एक इमारत, तर गंगापूर रोडच्या बाजूला एक शाळा. व्यापारी इमारतीचे गणित बहुतांशी पार्किंग आणि दर्शनी रुंदी यांवर ठरते, आणि ते आता जुळले आहे. माझे मन मात्र शाळेत गुंतले आहे.

तिथे काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया खालच्या कठीण मुरमापर्यंत नेण्याचा आग्रह मी धरला. खर्च वाढला, तरी संस्थाचालकांनी तो मान्य केला, याचे मला फार समाधान वाटते. वर्गांच्या खिडक्या उत्तरेला आहेत, कारण तिकडचा उजेड सौम्य असतो आणि फळा चमकत नाही. तरीही त्यांवर छज्जा दिला आहे. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे, साधारण २० मेपासून २३ जुलैपर्यंत भरदुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो. नैर्ऋत्येचा पाऊस अडवण्यासाठी त्या बाजूला रुंद व्हरांडा आहे.

जिना आम्ही दोन मीटर रुंद ठेवला आहे, कारण मधल्या सुट्टीची घंटा झाली की सगळे वर्ग एकदमच खाली धावतात. काल कठड्याचा नमुना बसवला. लहान मुलांसाठीचा खालचा पाइप साइटवरच्या एका गवंड्याच्या चार वर्षांच्या मुलीने धरून पाहिला, तेव्हा तिचा हात खांद्याच्या वर जात होता. त्यामुळे तो आता पाच सेंटिमीटर खाली घेत आहोत.