बेरिल म्हणजे गाणारी नव्हे गं आई

जुलै 2024 मध्ये आईचा श्रीवर्धनहून आम्हाला इथे अमेरिकेत, ह्यूस्टनला फोन आला, "अगं ते बेरिल बेरिल काय चाललंय टीव्हीवर, कुणी गाणारी येतेय का तुमच्याकडे?" तिचं काही चुकलं नव्हतं, आदल्याच आठवड्यात नातीनं तिला बियॉन्सेची गाणी ऐकवून "आजी, ही आपल्या ह्यूस्टनची" असं सांगितलेलं, आणि कानाला दोन्ही नावं सारखीच परकी.

बेरिल हे येऊ घातलेलं वादळ होतं. मग लेकीनं तिला खूण सांगितली. इथल्या वादळांना आडनाव नसतं, साधं नाव, एक बाईचं एक पुरुषाचं असं आलटून पालटून, आणि ए बी सी डीच्या क्रमानं, त्यामुळे सीझनच्या सुरुवातीला बी ऐकलं की वादळाचीच शक्यता धरायची. एका वर्षाला 21 नावं, अशा 6 याद्या, दर 6 वर्षांनी तीच यादी परत. क्यू, यू, एक्स, वाय, झेड घेतच नाहीत, म्हणून अशर आणि झेन हे गायक कधी वादळ होणार नाहीत. पण गाणाऱ्यांपैकी व्हिटनीचं नाव यादीत आहे, डॉलीचंसुद्धा आहे, आणि डॉली 2008 ला खरंच टेक्सासच्या दक्षिण किनाऱ्यावर येऊन गेलीय!

आम्ही इथे 2018 ला आलो. घर बघायला गेलं की एजंट पहिलं वाक्य बोलायचा, "हार्वीत इथे पाणी नव्हतं शिरलं." 2017 चं हार्वी वादळ. शेजारीपाजारी अजून वर्षं अशीच मोजतात, हार्वीच्या आधी, हार्वीनंतर. मला ते पुरतं कळलं 2020 नंतर, कारण आमच्या श्रीवर्धनच्या घरी त्या वर्षीचं 'निसर्ग' चक्रीवादळ तसंच आहे.

बेरिल 8 जुलैला पहाटे किनाऱ्याला धडकलं, 20 लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आमची 4 दिवस नव्हती, त्या उकाड्यात लेकीला घेऊन गाडीत एसी लावून बसायचो आणि फोनही तिथेच चार्ज करायचा, आई तिकडे जागी असायची ना.

फार नुकसान केलं की इथे ते नाव यादीतून कायमचं काढतात. बेरिलच्या जागी 2030 ला ब्रियाना असेल. हे आईला सांगितलं तर जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आपल्याकडे तर एकदा दिलेलं नाव परत देतच नाहीत म्हणे. पण आपल्या वाडीतल्या, निसर्गानंतर लावलेल्या पोफळी अजून धरायच्यात."