टीबीचा पेशंट गावाला जातो तेव्हा

एमबीबीएसनंतरच्या वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे असतात. बरेच जण ते नीट-पीजीच्या अभ्यासात घालवतात. पुढे शहरातल्या गरीब वस्त्यांत काम करायची ज्यांची खरी इच्छा आहे, त्यांनी तसं करू नये. सायनच्या पालिका मेडिकल कॉलेजचं नागरी आरोग्य केंद्र धारावीतच आहे, लोक त्याला ‘छोटा सायन’ म्हणतात. शिकायला याहून चांगली जागा कुठली!

आधी आरोग्य सेविकेबरोबर गल्ल्या फिरा. पाणी भरायच्या वेळी कुणी दारात उभं राहून बोलत नाही, कारखान्यातला मुलगा रात्री दहाशिवाय भेटत नाही, हे तिला पाठ असतं. पत्ता लिहिताना खोली नंबर पुरत नाही. नळ, मशीद, पिठाची गिरणी अशी खूणही लिहा. फोन बहुतेकदा घरात एकच असतो, म्हणून शेजाऱ्याचाही नंबर घ्या, पण पेशंटला विचारून. टीबी शेजारी कळला तर खोली सोडावी लागेल ही भीती खरी असते.

टीबीचा संशय असेल तर थुंकीचे दोन नमुने लागतात, एक लगेच आणि एक सकाळी उठल्याउठल्या. दहा बाय दहाच्या खोलीत खोकायला लावू नका, बाहेर मोकळ्यावर पाठवा. लाळ नको, छातीतून आलेला बेडका हवा. नाव डबीवर लिहा, झाकणावर नको. झाकणं बदलली की रिपोर्ट बदलतात.

गोळ्या वजनावर ठरतात. मोठ्या माणसाला ३५ ते ४९ किलोला रोज ३, ५० ते ६४ ला ४. म्हणून चपला काढून वजन करा, अंदाजानं आकडा टाकू नका. लघवी नारिंगी होईल हे पहिल्याच दिवशी सांगा. नाही सांगितलं तर माणूस रक्त समजून घाबरतो आणि गोळ्या बंद करतो.

सगळ्यात जास्त उपचार तुटतात ते गावी जाताना. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, बरं वाटतं, आणि शेतीचं काम किंवा लग्न निघतं. उपचार मात्र किमान ६ महिन्यांचा. दर भेटीला ‘गावाला कधी जाणार?’ हे विचाराच. तारीख कळली की निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर, नाव तिथल्या केंद्राकडे वळवता येतं. निक्षय क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि पोहोचेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या बरोबर बांधा. चौथ्या दिवशी फोन करून तिथल्या केंद्रात गेला का ते विचारा.