शिरोरेषा सरळ होईपर्यंत

२०२३ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आवरून मी दिवाळी अंक घेऊन खिडकीशी बसले होते. आमच्या साताऱ्यातल्या वाचनालयात अंकांची वेगळी योजना असते. एकदम पैसे भरायचे आणि पुढचे दोन-तीन महिने अंक बदलून न्यायचे. त्या वर्षीचा माझा तो पहिलाच अंक. कथेच्या तिसऱ्या पानावर उजव्या डोळ्यासमोर काळे ठिपके उतरायला लागले, तव्याच्या बुडाची काजळी झटकावी तसे. डोळ्यावर पाणी मारलं, चष्मा पुसला. रात्री दिवा मालवल्यावर नजरेच्या कोपऱ्यात उजेड लखकन चमकून जायचा, लांब कुठेतरी वेल्डिंग चालू असल्यासारखा.

घरात भाऊबीजेची माणसं, म्हणून मी कुणाला काही बोलले नाही. चष्म्याच्या एका दुकानात जाऊन आले, तिथे नंबर वाढलाय म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी नाकाच्या बाजूने एक करडी सावली वर चढली आणि तिथेच थांबली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून, बुबुळ मोठं करून तपासलं आणि म्हणाले, "डोळ्याचा मागचा पडदा सुटलाय. आजच्या आज पुण्याला निघा." वाचणाऱ्या प्रत्येकाला मी हे हात जोडून सांगते: अचानक ठिपके, चमक, सावली यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मी घालवलेल्या तीन दिवसांत सावली पडद्याच्या मधल्या भागापर्यंत पोचली होती, आणि आपण अक्षरं वाचतो ती त्याच भागाने.

माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी. वेळेत पट्टी बांधली गेली नाही, त्यामुळे त्याला दुकानांवरच्या पाट्या दिसतात, पुस्तक नाही. म्हणजे आयुष्यभर मी जे काही वाचलं ते एका उजव्या डोळ्याने, आणि आता तोच गेला होता. ऑपरेशनच्या टेबलावर मला भूल चढण्याची भीती वाटली नाही. माझ्या मनात वही होती. नववीत असताना, १९८५ साली, मराठीच्या बाईंनी वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवायला सांगितली होती. ती अजून चालू आहे, सध्या तिसरी. पुस्तकाचं नाव, लेखक, संपवल्याची तारीख, आणि फार आवडलं तर समासात एक लाल टिंब. शेवटचा आकडा १३८७ होता. तो तिथेच राहणार की काय, एवढंच मी विचार करत होते.

या ऑपरेशनमध्ये डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढून टाकतात, पडदा जागेवर बसवून लेझर मारतात आणि आत गॅसचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा नेहमी वर चढणार. म्हणून माणसाने मान खाली घालायची, म्हणजे तो मागच्या पडद्याला दाबून धरतो. मला पहिले सात दिवस तासातली पन्नास मिनिटं पालथं राहायला सांगितलं. शिवाय गॅस असेपर्यंत विमान नाही आणि घाटही नाही, कारण उंचीवर गेलं की बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. साताऱ्याला जायचं तर वाटेत खंबाटकी. त्यामुळे मुक्काम धाकट्या बहिणीकडे, कोथरूडला.

पालथं पडून राहणं लिहायला सोपं आहे. कपाळाखाली टॉवेलची गुंडाळी, छातीखाली दोन उशा, दर दोन तासांनी थेंब. मान तिसऱ्या दिवशी धरली. खरा जाच मात्र वेगळाच होता. मी जेवताना वाचते, गॅसवर दूध असलं तर ते उतू जाऊ नये म्हणून उभी राहते तेव्हा वाचते, एसटीत वाचते. रात्री दोन पानं वाचल्याशिवाय मला झोप लागत नाही. हे सगळे रिकामे कोपरे एकदम उघडे पडले. बहिणीने मोबाइलवर स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं अ‍ॅप लावून दिलं. वाचणाऱ्याचा आवाज चांगला होता, पण मला थांब म्हणता येईना, मागचं वाक्य परत वाच म्हणता येईना. डोळा लागायचा, आणि जाग येईस्तोवर दोन प्रकरणं पुढे गेलेली असायची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी भाचा कॉलेजमधून आला. अकरावी, सायन्स. शाळा सगळी इंग्रजी माध्यमाची. माझ्याजवळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, "मावशी, मी वाचू का? हळू वाचतो पण." मी बहिणीच्या कपाटातलं 'बनगरवाडी' काढायला लावलं. एक तर ते पातळ, आणि दुसरं म्हणजे ते मला जवळजवळ पाठ, तो अडला तर सावरता येईल.

तो अडत होता. जोडाक्षर आलं की थांबायचा, बोटाने फोडायचा. 'कारभारी' म्हणजे काय, 'रामोशी' म्हणजे कोण, 'तालीम' म्हणजे रिहर्सल का? मी उशीत तोंड खुपसून उत्तरं देत होते. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. औंध आज आमच्याच जिल्ह्यात. वहीत ही कादंबरी सतरा वेळा आहे, आणि सतराही वेळा मी ती एका बैठकीत संपवली होती. भाच्याला नऊ संध्याकाळी लागल्या.

एका संध्याकाळी शेकूचं प्रकरण आलं. बैलाच्या जागी त्याची बायको स्वतःला जुंपून घेते, ते. भाचा शब्द शब्द लावत वाचत होता आणि मधेच गप्प झाला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त फरशी आणि त्याच्या पायाचा अंगठा. थोड्या वेळाने म्हणाला, "मावशी, ती खरंच बैलाच्या जागी चालते?" म्हटलं, "हो." त्याने तो परिच्छेद आपणहून पुन्हा पहिल्यापासून वाचला. या वेळी न अडखळता. मी ती पानं इतक्या वेळा डोळ्यांखालून घातली होती, पण त्या बाईच्या खांद्यावर जोखडाचं किती ओझं पडलं असेल हा विचार तोवर माझ्या मनात एकदाही आला नव्हता. माझा डोळा पळत होता. पुढे काय होतं ते ठाऊक असल्यामुळे तर आणखीच पळत होता.

नवरा रविवारी साताऱ्याहून यायचा. त्याला वर्तमानपत्रापलीकडे वाचनाची सवय नाही. मी त्याच्या हाती 'माझा प्रवास' दिलं. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला काकांबरोबर उत्तरेकडे निघतात आणि १८५७ च्या धामधुमीत सापडतात. झाशीच्या वेढ्यात ते स्वतः आत होते. त्यांनी मोडीत लिहून ठेवलेली ही हकीकत छापून आली ती थेट १९०७ साली. नवरा ते बातमी वाचावी तसं वाचायचा, एका पट्टीत, आवाजात चढउतार न करता, आणि त्या पुस्तकाला नेमकं तेच हवं असतं. विष्णुभट कुठेच आव आणत नाहीत. कत्तल पाहिली तर ती सांगतात, उपास पडला तर तो सांगतात, आणि आईवडिलांना स्नान घालायला गंगेच्या पाण्याची कावड घेऊन घरी परततात. शेवटच्या रविवारी बहीण, भाचा, शेजारच्या काकू असे सगळे ऐकायला बसले होते.

'स्मृतिचित्रे' बहिणीने वाचलं, रात्री ओटा आवरून झाल्यावर. मराठीत कानासाठी एकच पुस्तक निवडायचं असेल तर मी हेच निवडेन. लक्ष्मीबाई टिळक लिहीत नाहीत, बोलतात. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या या बाईने वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, नवरा ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर वाट्याला आलेली ताटातूट, तिचं दुःख, सगळं असं मांडलंय की ऐकणारा हसता हसता गप्प होतो. लग्नानंतर बहिणीचं वाचन सुटलं होतं. पहिले दोन दिवस ती माझ्यासाठी वाचत होती. तिसऱ्या दिवशी मी अर्धवट झोपेत आहे असं समजून ती मनातल्या मनात पुढे वाचत राहिली. मी हलले नाही.

सगळीच पुस्तकं कानाला मानवली असं नाही. जी. ए. कुलकर्णी माझे सगळ्यात आवडते लेखक. दिवाळीच्या आधी 'काजळमाया' पुन्हा काढलं होतं, एका दीर्घ कथेच्या मध्यावर एसटीचं तिकीट खूण म्हणून ठेवलं होतं. भाच्याकडून दोन पानं वाचून घेतली आणि थांबवलं. दोष त्याचा नव्हता. जी. एं.च्या वाक्यात एक प्रतिमा दुसरीच्या पोटातून निघते. शेवटाला आल्यावर सुरुवातीकडे एकदा वळून पाहावं लागतं. डोळ्याला ते एका क्षणात जमतं, कानाला नाही. मी पुस्तक मिटून बाजूला ठेवायला सांगितलं. मला ते माझ्या डोळ्यानेच वाचायचं होतं.

आठव्या दिवसापासून मान वर करायची परवानगी मिळाली. उजव्या डोळ्याने सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं, धूसर. दोन आठवड्यांनी वरच्या बाजूला उजेडाची एक चीर दिसली आणि खाली बुडबुड्याची आडवी रेघ. मान हलवली की रेघ हलायची, गवंड्याच्या पाणसळीतल्यासारखी. रोज ती थोडी खाली सरकत होती. खाली पाहिलं की तीच रेघ गोल व्हायची, भिंगासारखी. रोज सकाळी मी आधी रेघ कुठवर आली ते बघायची, मग चहा. सहाव्या आठवड्यात बुडबुडा मोहरीएवढा झाला आणि एका दुपारी दिसेनासा झाला.

त्याच संध्याकाळी 'बनगरवाडी' उघडलं. अक्षरं दिसली, पण शिरोरेषा सरळ नव्हती. ओळीच्या मध्यावर ती खाली झोळ खात होती, ओल्या कपड्यांच्या वजनाने दोरी वाकते तशी. त्या झोळात सापडलेली दोन-तीन अक्षरं एकमेकांत मिसळत होती, मात्रा कुठल्या अक्षराची ते कळत नव्हतं. पहिलं पान पंचवीस मिनिटांत झालं. डोकं दुखायला लागलं आणि मी रडले.

डॉक्टरांनी चौकटींचा कागद दिला, रोज त्याच्याकडे बघून कुठली रेघ किती वाकते ते टिपायला. पडदा पुन्हा बसला तरी आतल्या पेशींची घडी नीट व्हायला महिने लागतात, आणि कधी ती पूर्ण होत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मला तो कागद फारसा लागला नाही. देवनागरीत प्रत्येक ओळीवर रेघ आखलेलीच असते.

मी घरी आल्यावर वाचनालयात गेले आणि बालविभागातून मोठ्या टाइपाची पुस्तकं मागितली. ग्रंथपाल बाईंनी काही न विचारता चार काढून दिली. डाव्या खांद्यामागून दिवा, ओळीखाली काळं कार्डबोर्ड, घड्याळ लावून दहा मिनिटं. मग डोळे मिटून पाच मिनिटं. पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मी चाळीस वर्षांनी पुन्हा वाचला, आणि तो माझ्या वहीत १३९१ व्या क्रमांकावर आहे. मधले तीन आकडे भाच्याच्या अक्षरात आहेत. मला वाचता येत नव्हतं तोवर त्यानेच वही लिहिली. 'वाचलं' या रकान्यात 'ऐकलं' लिहून त्याखाली कुणी वाचलं त्याचं नाव लिहिलंय. 'स्मृतिचित्रे'समोर लाल टिंब आहे, ते बहिणीने दिलंय.

आठ महिन्यांनी त्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकला. या ऑपरेशननंतर तो बहुतेकांना होतो. त्याचंही ऑपरेशन झालं, नवा नंबर आला, कागद पुन्हा पांढरा दिसायला लागला. शिरोरेषेतला झोळ बराच भरून आलाय. थकले की तो पुन्हा दिसतो, मध्यापासून किंचित उजवीकडे, एका अक्षराएवढा. आता मी दिवसाला तीस-पस्तीस पानं वाचते. पूर्वी शंभर व्हायची.

भाचा बारावी संपवून मे महिन्यात आमच्याकडे आला होता. जाताना 'कोसला' घेऊन गेला. तो ज्या शहरात वाढलाय त्याच शहरात नेमाड्यांच्या या १९६३ च्या कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर शिकायला येतो, म्हणून त्याला उत्सुकता. मी 'काजळमाया' काढलं. एसटीचं तिकीट जिथे होतं तिथेच होतं, त्यावरची शाई मात्र पार उडालेली. कथा मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली आहे. एका दिवशी दोन पानं, त्याच्यापुढे नाही. जिथे शिरोरेषा वाकते तिथे ती ओळ मोठ्याने म्हणते आणि मग पुढे जाते. काल सतराव्या पानावर थांबले.