डीबीए व्हायचंय? आधी 'प्रॉडक्शन एक्स्पिरियन्स'चं काय ते बघा

डीबीए म्हणजे कंपनीचा डेटाबेस सांभाळणारी व्यक्ती. त्यातला शिकण्याचा भाग सांगण्यासारखा नाही. ओरॅकल या डेटाबेस सॉफ्टवेअरची एक्सई एडिशन फुकट आहे. २१सी एक्सईमध्ये १२ जीबी डेटा आणि २ जीबी रॅमची मर्यादा, पण सरावाला ते पुष्कळ झालं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्स टाकलं आणि पुण्यात कर्वेनगरच्या रूमवर बसून शिकले.

खरा त्रास पुढे. जाहिरातीत 'फ्रेशर चालेल', आणि फोनवर पहिला प्रश्न, "प्रॉडक्शनवर किती वर्षं?", म्हणजे कंपनीचा चालू डेटाबेस किती वर्षं सांभाळलाय. शून्य म्हटलं की, "कळवतो." हिंजवडीतल्या एका वॉक-इनला भर उन्हात रांगेत उभं केलं, फॉर्म भरून घेतला आणि अनुभवाचा रकाना बघून तिथूनच परत पाठवलं. चालू डेटाबेस नवख्याच्या हातात कुणी देणार नाही, हे मला मान्य आहे. पण मग जाहिरातीत तसं लिहा ना! गावाकडून एसटीने आलेली मुलं होती त्या रांगेत.

याच अडचणीवर काही क्लासवाले पैसे कमावतात. मला सरळ सांगितलं, "मॅडम, तीन वर्षं दाखवू, अनुभवाचं लेटर आम्ही देतो." मी उठून आले. कुणीही यात पडू नका. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या खाते क्रमांकावरून, पीएफची नोंद बघतात. जिथे पीएफ भरलाच नाही, तिथली तीन वर्षं कुठून दाखवणार? जॉइन झाल्यावर उघडकीला आलं तर नोकरी जाते ती जातेच, पुढच्या कंपनीलाही उत्तर द्यावं लागतं.

मला वाट मिळाली ती एल-वन सपोर्टमधून, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीवरून. खराडीत नाइट शिफ्ट, काम अलर्ट बघायचं आणि तिकीट (अडचणीची नोंद) पुढे पाठवायचं. लोक याला कमी लेखतात, पण टेबलस्पेस (डेटा ठेवायची जागा) भरताना, बॅकअप फेल होताना तिथेच बघायला मिळतं. सीनियरने तिकीट कसं सोडवलं ते मी रोज वहीत उतरवायचे.

डीबीएच्या इंटरव्ह्यूत विचारलं, "ओआरए-००२५७ आला, काय कराल?" म्हणजे आर्काइव्ह लॉगची, डेटाबेसमधल्या बदलांची नोंद साठवणाऱ्या फाइलींची, जागा भरली. मी म्हटलं, लिनक्समधून फाइली उडवणार नाही; रिकव्हरी एरियाच्या (या फाइली आणि बॅकअपसाठी राखलेल्या जागेच्या) हिशेबात ती जागा भरलेलीच राहते. आरमॅनने, म्हणजे ओरॅकलच्याच बॅकअप टूलने, बॅकअप घेऊन त्यातूनच डिलीट करीन. तेवढा वेळ नसेल आणि डिस्कवर जागा असेल, तर आधी रिकव्हरी एरियाची मर्यादा वाढवीन. समोरचे सर मान हलवत होते आणि मला कळलं, झालं काम. आजही ते आठवलं की छान वाटतं.

ओरॅकलच्या सर्टिफिकेटसाठी कर्ज काढू नका, नोकरी लागल्यावरही परीक्षा देता येते. त्यापेक्षा घरच्या डेटाबेसची एखादी डेटाफाइल मुद्दाम उडवा आणि बॅकअपवरून परत आणा. हे हाताने केलेलं असलं की बोलताना अडखळायला होत नाही. सोबत पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेसही शिका, त्याला लायसन्सचा खर्च नाही.

आणि मुलींनो, नाइट शिफ्ट असेल तर कॅब दारापर्यंत सोडते की मेन रोडपर्यंतच, हे ऑफर घेण्याआधी मेलवर लिहून घ्या.