तुम्ही विचारलंत म्हणून: सद्दाम आपला मित्र होता ना?

मी कुवेतात होतो हे कळलं की पाचव्या मिनिटाला हा प्रश्न येतोच. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, परवा रक्त तपासायला घरी आलेल्या मुलानेही विचारला. "काका, सद्दाम तर आपला मित्र होता ना? मग त्याचं नाव काढलं की तुम्ही तोंड का वाकडं करता?"

एरवी मी "हो, होता" म्हणून विषय बदलतो. आज जरा सविस्तर सांगतो. पेशाने मी हिशेबनीस, त्यामुळे उत्तरही हिशेबाच्याच अंगाने जाईल.

आधी जमेची बाजू. सद्दामच्या इराकने आपल्याला तेल दिलं, आपल्या कंपन्यांना कामं दिली, काश्मीरच्या प्रश्नावर आपल्याला अडचणीत आणलं नाही. आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये, त्याने कुवेत घेतल्यावर, आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले तेव्हा त्याने त्यांना मिठी मारली. त्या फोटोवरून जगभर आपल्याला नावं ठेवली गेली. पण त्या मिठीचा मी लाभार्थी आहे, हे कबूल करायला हवं. गोऱ्या लोकांना त्याने "पाहुणे" म्हणून अडकवून ठेवलं, बॉम्ब पडू नयेत म्हणून मोक्याच्या ठिकाणी नेऊन बसवलं. आम्हा भारतीयांना जाऊ दिलं. दोन महिन्यांत एअर इंडियाच्या विमानांनी जॉर्डनच्या अम्मानहून एक लाखाहून जास्त माणसं मायदेशी आणली. त्यांतला एक मी.

शुवेखला मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं, तिथे मी खातेवही सांभाळायचो. २ ऑगस्टला, गुरुवारी पहाटे, इराकी रणगाडे शहरात शिरले. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो कुवेती मालक, सुट्टीवर परदेशी होता आणि आमचे पासपोर्ट त्याच्या तिजोरीत. तिजोरी कशी उघडली ते आता सांगत नाही, पण उघडली. पुढच्या काही दिवसांत कुवेती दिनार हा इराकी दिनारच्या बरोबरीचा असं फर्मान निघालं. सहा वर्षांची माझी बचत एका फर्मानाने पाण्यात गेली. पण माझं जाऊ द्या, मी फार स्वस्तात सुटलो.

१५ ऑगस्टला संध्याकाळी सालमियाच्या खोलीत आम्ही सात-आठ जण रेडिओला कान लावून बसलो होतो. बातमी आली की सद्दामने इराणशी तह करायचं ठरवलंय, १९७५ चा अल्जियर्सचा करार त्याला पुन्हा मान्य आहे, आणि जिंकून ठेवलेल्या जमिनीवरून तो सैन्य मागे घेतोय. आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नाही. आमचं लक्ष विमानांच्या बातमीकडे. त्या बातमीचा अर्थ मला महिन्याभराने एका बस ड्रायव्हरने समजावला.

तो अर्थ कळायला थोडं मागे जावं लागेल. शत्त अल अरब ही तैग्रिस आणि युफ्रेटिस एकत्र होऊन बनलेली नदी, आणि तिच्या खालच्या टप्प्यात इराक-इराणची सरहद्द. ती कुणाची यावर जुनं भांडण. १९७५ साली इराकने, खुद्द सद्दामनेच सही करून, सरहद्द नदीच्या मधोमध मान्य केली. १९७९ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच वर्षी इराणात क्रांती होऊन तिथला राजा, शहा, पळाला, तिथल्या सैन्याची दाणादाण उडाली. सद्दामला वाटलं, हीच वेळ. १७ सप्टेंबर १९८० ला त्याने तो करार रद्द केल्याचं जाहीर केलं आणि २२ तारखेला फौजा आत घातल्या. काही आठवड्यांत आटपेल असा अंदाज होता. लागली आठ वर्षं.

१९८२ च्या मेमध्ये इराणने खुर्रमशहर परत घेतलं, तेव्हा सद्दाम थांबायला तयार झाला होता. पण आता इराणचे नेते खोमेनी थांबेनात. सहा वर्षांचा तो पुढचा दोष एकट्या सद्दामचा नाही. मात्र खंदकातल्या माणसाला ही वाटणी समजावून काही उपयोग नसतो. सद्दामने विषारी वायू इराणी सैनिकांवर वापरला, आणि १६ मार्च १९८८ ला हलब्जात स्वतःच्याच देशातल्या कुर्दांवर. एका दिवसात सुमारे पाच हजार माणसं गेली. ऑगस्ट १९८८ मध्ये लढाई थांबली तेव्हा दोन्हीकडचे मिळून लाखो मेले होते आणि सरहद्द जिथे होती तिथेच होती.

आता बसकडे येतो. सप्टेंबरात आम्ही चाळीसेक जणांनी मिळून बस ठरवली. कुवेतहून बसरा, तिथून बगदाद, पुढे जॉर्डनची सरहद्द. ड्रायव्हर बसऱ्याचा, चाळिशीचा, डाव्या हाताची दोन बोटं नसलेला. माझं अरबी बाजारातलं, भाव करण्यापुरतं. पण मी त्याच्या मागच्याच सीटवर होतो, आणि रस्ता लांबचा.

बसऱ्यात शत्त अल अरबच्या काठाने बस गेली. तिथे युद्धात मेलेल्या इराकी अधिकाऱ्यांचे पुतळे ओळीने उभे होते. प्रत्येकाचा हात वर, बोट पलीकडे इराणच्या दिशेला. ड्रायव्हरने बस हळू केली. तो सात वर्षं आघाडीवर होता, फाव नावाच्या गावच्या लढाईत त्याची बोटं गेली होती, दोन भाऊही त्याच युद्धात गेले होते. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "नदी त्यांना परत देऊन टाकली. यांना हात खाली करा म्हणून अजून कुणी सांगितलेलं नाही."

बसमध्ये दुसरा इराकी नव्हता, म्हणून बोलला. मी मागे वळून कुणी ऐकलं का ते बघितलं. त्या देशात दोन तास काढले की ही सवय लागते.

मग सद्दामने कुवेतवर का चढाई केली? "वेडा होता म्हणून" असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही, कारण आकडे फार स्वच्छ आहेत. इराणवर चाल केली तेव्हा इराकच्या गंगाजळीत तीसेक अब्ज डॉलर होते. युद्ध संपलं तेव्हा डोक्यावर त्याच्या दुपटीहून जास्त कर्ज, त्यातलं बरंचसं कुवेत आणि सौदीचं. सद्दामचं म्हणणं, मी तुमच्यासाठी इराणला अडवलं, कर्ज माफ करा. कुवेत माफ करेना, वर तेल जास्त उपसून भाव पाडत राहिला. दिवाळखोराने सावकाराच्या घरातच बिऱ्हाड टाकावं, तसा हा प्रकार. २८ ऑगस्टला कुवेत हा इराकचा एकोणिसावा प्रांत म्हणून जाहीरही झाला. पूर्वेची आघाडी मोकळी करायची म्हणून घाईघाईने इराणला नदी देऊन टाकली. आधीच्या युद्धातली सगळी कमाई पुढच्या युद्धाला आगाऊ म्हणून वापरली.

पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंय. १७ जानेवारी १९९१ ला अमेरिका आणि तिच्या साथीदारांची बॉम्बफेक सुरू झाली, फेब्रुवारीअखेर जमिनीवरचं युद्ध शंभर तासांत संपलं, जाताना त्याच्या सैन्याने सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या. मार्चमध्ये दक्षिणेतले शिया आणि उत्तरेतले कुर्द उठले. उठा म्हणणाऱ्या अमेरिकेने हात बांधून बघ्याची भूमिका घेतली, आणि सद्दामने हेलिकॉप्टरं वापरून उठाव चिरडला. त्या दिवसांत बसऱ्याच्या त्या माणसाचं काय झालं असेल, हा विचार मी तेव्हापासून टाळत आलोय.

मग संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध. एकेकाळी एका इराकी दिनारला सरकारी भावाने तीन डॉलर मिळायचे, नव्वदीच्या मध्याला एका डॉलरला हजारावर दिनार मोजावे लागायला लागले. पीठ, साखर, चहा रेशनवर. पगार काडीमोलाचे. आणि सद्दाम त्या काळात महाल बांधत होता.

आणि आता माझा भाग. कुवेतमधून पळावं लागलेल्यांना भरपाई द्यायची, ती इराकच्या तेलातून, असं संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली ठरवलं. मी फॉर्म भरला. दुसरा कुठलाही दावा करणार नाही असं लिहून दिलं तर एकट्या माणसाला सरसकट ४,००० डॉलर. दिलं लिहून. १९९६ च्या डिसेंबरात "अन्नासाठी तेल" योजना सुरू झाली, तेव्हा इराकने विकलेल्या तेलाच्या दर शंभर डॉलरमधले तीस या भरपाईच्या फंडात जात होते. म्हणजे तिथली पोरं रेशनच्या रांगेत, आणि त्यांच्या तेलातून माझा चेक. त्या पैशांतून चिपळूणच्या घरावर स्लॅब पडला. माझा हक्काचा पैसा होता आणि आज मिळाला तरी घेईन. पण तो सद्दामने दिला नाही. त्याचं काय गेलं?

फाशी गेला, म्हणाल. ३० डिसेंबर २००६ ला गेला खरा. पण ती शिक्षा १९८२ साली दुजैल गावात मारलेल्या १४८ जणांसाठी होती. अन्फालचा, कुर्दांच्या कत्तलीचा, खटला तेव्हा चालूच होता. इराण आणि कुवेतवरच्या युद्धांसाठी त्याला कुठल्याही कोर्टात शिक्षा झाली नाही. "अमेरिकेने २००३ मध्ये केलं ते काय बरोबर होतं का?" हा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. नव्हतं. नसलेली शस्त्रं शोधायला देश फोडला. पण अमेरिकेची उधारी सद्दामच्या जमेला धरता येत नाही, हे कुठलाही हिशेबनीस सांगेल.

२०२२ च्या फेब्रुवारीत पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी होती. इराकने भरपाईचा शेवटचा हप्ता चुकता केला, एकूण ५२.४ अब्ज डॉलर. फेडणाऱ्यांत १९९० नंतर जन्मलेले कितीतरी लोक होते.

बगदादला बस बदलायची होती. उतरताना माझ्याकडे भाड्यातले दोन इराकी दिनार कमी पडले. कुवेती नोट पुढे केली, तर ड्रायव्हर हसला आणि ती परत माझ्या खिशात कोंबली. म्हणाला, "बादेन." नंतर दे.

ती बातमी वाचून झाल्यावर मी त्या दिवसाचा दर काढून बघितला. दोन दिनारांचे दहा पैसे होत होते.