माळावरचं गवत आणि परळीचा कोळसा

आमच्या अंबाजोगाईकडं बालाघाटाचा डोंगर पेटला की म्हातारी माणसं म्हणतात, "दुष्काळानं जळतंय." मला ते पटत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आमच्या माळावर जळायला होतंच काय? नुसते दगड.

उलट २०२५चा सप्टेंबर आठवा. बीड, धाराशिव, लातूर, नांदेडला अतिवृष्टी झाली, सोयाबीन उभ्यानं सडलं. माळावर मात्र गवत कमरेला लागलं. कुसळ धरल्यावर त्याला जनावर तोंड लावत नाही. मग उन्हाळ्यात एक विझवायची राहिलेली बिडी पुरते. जानेवारी २०२५ला अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या वणव्यात हेच झालं होतं: आधी दोन हिवाळे भरपूर पाऊस, झुडपं माजली, मग कित्येक महिने थेंब नाही आणि वर सोसाट्याचा वारा.

हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून कोसळतो तेव्हा धो धो कोसळतो, आणि उघडीप पडली की हीच तहानलेली हवा रानातली ओल ओढून घेते. हवा तापते कोळसा, डिझेल जाळून. परळीचं थर्मल, म्हणजे कोळशावरचं वीजकेंद्र, आमच्याच उशाला आहे. २०१५ला खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही म्हणून ते बंद पडलं, तेव्हा तिथं कंत्राटावर असलेले माझे मामा घरी बसले. मामांनी त्याच पगारावर दोन पोरी शिकवल्या, त्यामुळं "बंद करा थर्मल" असं मी सहज म्हणू शकत नाही. पण पुढची वीज सूर्याची हवी, आणि त्या कामावर पहिला हक्क मामांसारख्यांचा हवा, हे मी ठासून म्हणते.

तोवर डोंगर तर वाचवू. लिंबाच्या ओल्या डहाळ्यांनी रात्रभर आग झोडपलीय मी. सकाळी तितराची भाजलेली अंडी पाहिलीत. "जाळलं की गवत जोमानं येतं" म्हणणाऱ्यांनी मृगाच्या पहिल्या पावसात त्या उघड्या उतारावरून वाहून जाणारी माती बघावी.

कुसळ धरायच्या आत, दसऱ्याच्या सुमाराला, पवन्या आणि मारवेल ही गवतं कापून वैरणीला घ्या. डोंगराच्या कडेनं जाळरेषा काढा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा पट्टा ठेवा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. तुमच्या गावात तुम्ही मांडा.