ती सांगत का नाहीत?

आईवडिलांपासून दूर, फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दुसऱ्या कुटुंबाच्या सांभाळात वाढणाऱ्या किशोरवयीन मुलांची मी समुपदेशक आहे. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मदतीला एवढी माणसं असतात, मग मनाचा त्रास ही मुलं सांगत का नाहीत?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते.

सांगतात हो. पण आडून आडून सांगतात. पोटदुखीच्या निमित्तानं शाळा बुडते. "माझ्या एका मैत्रिणीला रात्र-रात्र झोप येत नाही," अशी सुरुवात होते. पंधरा वर्षांची एक मुलगी दोन महिने माझ्याकडे फक्त फाईलची चौकशी करत होती. यात काय लिहिता? कोण वाचतं? कोर्टात जातं का? आईला दाखवतात का? मला वाटायचं, ही विषय टाळतेय. ती मला पारखत होती. तिसऱ्या महिन्यात तिनं न बोलता स्वेटरची बाही वर केली.

यातल्या कितीतरी मुलांनी कधीतरी कुणाला तरी खरं सांगितलेलं असतं, आणि त्यानंतर त्यांचं घर सुटलेलं असतं. सांगणं आणि घर सुटणं यांची मनात गाठ बसते. मग आताच्या घरात 'मला काही सुचत नाही, रडू येतं' असं म्हटलं तर 'सांभाळायला अवघड' असा शिक्का बसेल, पुन्हा बॅग भरावी लागेल, हा हिशेब मूल करतंच. त्याला हट्टीपणा म्हणणं मला पटत नाही. त्यात केसवर्कर, म्हणजे मुलाचं प्रकरण सांभाळणारे कर्मचारी, बदलत राहतात. नवीन माणूस आला की तीच कहाणी पहिल्यापासून. "माझी गोष्ट वाचून या, मग बोलू," असं एका मुलानं मला सुनावलं होतं, आणि त्याचं बरोबर होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 10 ते 19 वयोगटात सातातल्या एकाला मानसिक आजार असतो. घरापासून दुरावलेल्या मुलांत हे प्रमाण बरंच जास्त असतं. पण वस्तू फेकणाऱ्याला त्याच आठवड्यात माझ्याकडे पाठवतात, आणि गप्प-गप्प होत गेलेल्या मुलीचं 'किती समजूतदार' म्हणून कौतुक होतं. मला जास्त काळजी तिची वाटते. पाठवलेलं मूल तरी मदत घ्यायला आलेलं असतं का? ते हुकूम पाळायला आलेलं असतं. आपल्याबद्दलच्या निर्णयात मुलाचं म्हणणं ऐकलं जावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क करारातलं 12वं कलम सांगतं. समुपदेशक कोण हवा, घरच्यांना किती सांगायचं, एवढं तरी आपण मुलाला विचारायला नको का?

मुलं पहिल्यांदा बोलतात ती मित्राशी, भावंडाशी, किंवा याच वाटेनं गेलेल्या एखाद्या मोठ्या ताईदादाशी. "मी समुपदेशकाकडे जात होते, काही वाईट झालं नाही," हे अशा ताईच्या तोंडून ऐकलं की माझ्या दहा भेटींचं काम होतं. मोठ्यांशी बोलणं निघतं ते बहुधा गाडीत, किंवा भांडी घासताना, नजरेला नजर द्यावी लागत नाही तेव्हा. सांभाळणाऱ्या पालकांना म्हणूनच सांगते, समोर बसवून 'बोल' म्हणू नका. पण जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे मात्र सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मनात रुजत नाही. आणि कोणती गोष्ट गुप्त ठेवता येणार नाही, तेही आधीच सांगा. जिवाला धोका असेल किंवा कुणी इजा करत असेल तर मला पुढे कळवावं लागतं, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. आधी सांगितलेलं मुलं समजून घेतात. मागाहून कळलं तर परत येत नाहीत.

फाईलची चौकशी करणारी ती मुलगी आता अठराची होईल. अनेक ठिकाणी याच वयात मुलांच्या सेवा बंद होतात आणि मोठ्यांच्या रांगेत नव्यानं उभं राहावं लागतं. परवा तिनं विचारलं, "वाढदिवसानंतर फोन केला तर तुम्ही उचलाल?" या वेळी तिनं सरळ विचारलं होतं. उचलेन म्हणाले, आणि पुढच्या समुपदेशकाकडे पहिल्या दिवशी तिच्यासोबत मी जाणार आहे.